महागाई आणि घरचा हिशेब

महागाईविषयीं बोलण्यास कोणालाहि पूर्वतयारी लागत नाहीं. चार माणसें एकत्र बसलीं कीं प्रथम पावसापाण्याची चौकशी होते आणि तीं उठण्यापूर्वीं तुरीच्या डाळीचा भाव निघतो. ज्याच्या त्याच्या मुखीं एकच वाक्य, "पूर्वीं असें नव्हतें." हें वाक्य आमच्या वडिलांनीं म्हटलें, त्यांच्या वडिलांनींहि म्हटलें असेल, आणि ज्या त्या पिढीच्या अनुभवापुरतें तें खरेंच होतें. परंतु हळहळ करून वाण्याचें बिल कमी होत नाहीं. भाव चढतो तो कां चढतो, कोणाच्या घरांत तो किती झोंबतो, त्यावर गृहस्थांनीं व गृहिणींनीं योजलेले उपाय कोणते, आणि त्या उपायांपैकीं हितकर किती व घातक किती, याचा शांतपणें विचार करणें अधिक श्रेयस्कर आहे. प्रस्तुत लेखांत तोच प्रयत्न केला आहे.

घाटाखालून दिसणारी बाजारपेठ

वैशाखरे हें मुरबाड तालुक्यांतलें, घाटाच्या पायथ्याचें लहानसें गांव. याच बाजूनें नाणेघाटाची जुनी वाट वर चढते. जुन्नरचा माल कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे आणि बंदरांवरचा माल देशावर, असा व्यापार सातवाहनांच्या काळीं या वाटेनें चालत असे. घाटमाथ्यावरील लेण्यांत राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. त्यांत यज्ञप्रसंगीं दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण यांच्या संख्या अंकांनीं कोरलेल्या आहेत. जवळच एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीचीं नाणीं त्यांत टाकीत असत, अशी परंपरा सांगते. तो रांजण पाहिला म्हणजे एक गोष्ट चटकन ध्यानांत येते. वस्तूच्या किमतींत वस्तूइतकीच वाटहि मोजली जाते, आणि हा नियम दोन हजार वर्षांपूर्वीं होता तसाच आजहि आहे.

आज बैलांच्या तांड्यांची जागा माळशेज घाटांतून उतरणाऱ्या मालमोटारींनीं घेतली आहे. नारायणगांवचा टोमॅटो, ओतूर-आळेफाट्याकडचा कांदा व जुन्नर तालुक्यांतली पालेभाजी या गाड्यांतून कल्याणच्या व वाशीच्या बाजारांकडे जाते. गंमत अशी कीं, गांवावरून गेलेला माल गांवांत थांबत नाहीं. तो मोठ्या बाजारांत उतरतो, त्याचा लिलाव होतो, आणि कित्येकदां तोच पुन्हां किरकोळ विक्रेत्याच्या टेंपोंतून मुरबाड, सरळगांव, टोकावडे असा उलटा चढत येतो. प्रत्येक मुक्कामीं त्यावर हमाली, तोलाई, अडत, भाडें आणि नासधुशीची भर पडत जाते. पावसाळ्यांत घाटांत दरड कोसळून रस्ता बंद झाला कीं वर शेतकऱ्याचा माल सडतो आणि खालीं गिऱ्हाईक दुप्पट भाव मोजतें. एकाच दिवशीं दोघांचेंहि नुकसान व्हावें, हें या व्यवहाराचें वैगुण्य आहे.

भाव चढतो तो कां?

सर्वच वस्तु एका कारणानें महाग होत नाहींत. नाशवंत भाजीची गोष्ट निराळी, डाळीची निराळी आणि तेलाची त्याहूनहि निराळी.

टोमॅटो-कांद्याचा भाव मुख्यतः ऋतूवर व शेतकऱ्याच्या अनुमानावर अवलंबून असतो. एका वर्षीं भाव चांगला मिळाला कीं पुढच्या हंगामीं सर्वजण तेंच पीक घेतात. मग भाव इतका पडतो कीं काढणीची मजुरीहि सुटत नाहीं. त्यामुळें पुढच्या खेपेस लागवड घटते, आणि तेवढ्यांत अवकाळी पाऊस वा रोग आला म्हणजे पुनः टंचाई. २०२३ च्या जुलै महिन्यांत टोमॅटो शंभर रुपये किलोच्या पलीकडे गेला, त्याच्या आधींच्या उन्हाळ्यांत शेतकऱ्यांनीं तो रस्त्यावर ओतला होता. कांद्याची मजल तर सिंहासनापर्यंत गेली आहे. १९९८ च्या हिवाळ्यांत दिल्लीच्या सत्ताधारी पक्षाचा पराभव झाला, त्यांत कांद्याच्या तेजीचा वांटा मोठा होता, हें सर्वश्रुत आहे.

डाळीचें मर्म असें कीं, आपल्या देशांत ती सर्वांत अधिक पिकते, सर्वांत अधिक खाल्ली जाते, आणि तरीहि पुरत नाहीं. तुरीचें पीक बहुधा कोरडवाहू. पाऊस हुकला कीं तूर हुकली. २०१४ व २०१५ या लागोपाठच्या दोन अवर्षणांनंतर २०१५ च्या ऑक्टोबरांत तूरडाळ दोनशें रुपये किलोच्या घरांत गेली होती. खाद्यतेलाचें तर याहून विलक्षण. आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक तेल आपण परदेशांतून आणतों. म्हणून फेब्रुवारी २०२२ मध्यें युक्रेनांत युद्ध सुरू होतांच सूर्यफुलाचें तेल अडलें, आणि त्याच वर्षीं एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियानें पामतेलाची निर्यात कांहीं आठवडे बंद केली, तेव्हां मुरबाडच्या वाण्याकडील तेलाची पिशवीहि महागली. ज्या देशांचीं नांवें आम्ही भूगोलाच्या तासाला नकाशावर दाखवीत होतों, ते असे आमच्या फोडणींत येऊन बसले आहेत.

येथें एका गैरसमजाचा उलगडा केला पाहिजे. "महागाई कमी झाली" असें वृत्तपत्रांत येतें आणि गृहिणी विचारते, "मग वाण्याकडे कां नाहीं झाली?" या म्हणण्याचा अर्थ भाव उतरले असा नसून वाढीचा वेग उतरला, एवढाच असतो. गेल्या वर्षीं शंभराचे एकशें आठ झाले आणि यंदा एकशें आठाचे एकशें दहा झाले, तर महागाईचा दर शेंकडा आठावरून दोनाच्या खालीं आला हें खरें. पण द्यावे लागतात ते एकशें दहाच. २०१६ सालापासून हा दर शेंकडा चाराच्या आसपास, दोहों बाजूंस दोनाच्या मर्यादेंत, राखावा असें लक्ष्य रिझर्व्ह बँकेस घालून दिलेलें आहे. म्हणजे भाव मुळींच वाढूं नयेत अशी अपेक्षा सरकारचीहि नाहीं.

शिवाय सरासरी ही सर्वांची असते, कोणा एकाची नसते. २०२३-२४ सालच्या सरकारी पाहणींत ग्रामीण कुटुंबांच्या खर्चांत खाण्यापिण्याचा वांटा शेंकडा सुमारे ४७ व शहरांत सुमारे ४० आढळला. ज्याची मिळकत थोडी, त्याचा हा वांटा याहूनहि मोठा. तेव्हां तेलाचा भाव वाढला असतां पेन्शनदाराच्या घरीं भजीं कमी होतात आणि मोलमजुरी करणाऱ्याच्या घरीं कालवण कमी होतें.

मागील पिढ्यांनीं काय केलें?

१९४२ सालीं ब्रह्मदेश जपान्यांच्या हातीं गेला आणि तेथून येणारा तांदूळ बंद झाला. मुंबईचें ताट त्या तांदळावर मोठ्या प्रमाणांत अवलंबून होतें. १९४३ सालीं मुंबई शहरांत शिधावांटप सुरू झालें. 'रेशन' हा शब्द तेव्हांपासून मराठी घरांत जो शिरला तो घरचाच होऊन बसला. १९४७ च्या डिसेंबरांत महात्माजींच्या आग्रहानें नियंत्रणें उठविण्यास आरंभ झाला, भाव एकदम चढले, आणि १९४८ मध्यें तीं पुनः बसवावीं लागलीं. त्याच १९४८ सालीं मुंबईंत नायगांवच्या कामगारांनीं ग्राहकांची सहकारी संस्था काढली. पुढें तीच 'अपना बाजार' या नांवानें सर्वतोमुखीं झाली.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनीं पाहिला त्यांना तांबडा मिलो आणि सुकडी यांची चव सांगावी लागत नाहीं. त्याच सुमारास मुंबईंत मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर प्रभृति स्त्रियांनीं महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापिली आणि लाटणीं घेऊन मोर्चे काढले. पोळपाटावरचें लाटणें राजमार्गावर आलें, यांतलें मर्म असें कीं, भावाची झळ जिला प्रथम लागते तीच प्रथम बोलली. त्या दुष्काळानें आणखी एक धडा दिला. धान्य दुकानांत असून भागत नाहीं, तें घेण्यास हातीं मजुरी असावी लागते. तो ओळखून महाराष्ट्रानें रोजगार हमीची योजना चालविली व १९७७ सालीं तिचा कायदा केला.

१९७५ सालीं मुंबई ग्राहक पंचायत निघाली. तिची युक्ति साधी होती. शेजारपाजारच्या कुटुंबांनीं संघ करावा, महिन्याच्या सामानाची एकत्र यादी द्यावी, माल घाऊक घ्यावा व आपणच मोजून वांटून न्यावा. मधला नफा वांचतो, मालाची पारख होते आणि घरोघरच्या स्त्रियांस हिशेबाची संवय लागते. अर्धशतकाहून अधिक काळ ही रीत टिकली आहे, यावरून तिची योग्यता कळून येईल. आमच्या गांवांसारख्या ठिकाणीं दहा घरांनीं असें करण्यास कसलीहि आडकाठी नाहीं.

बेगमी, पुडी आणि पिशवी

एकत्र कुटुंबाची जुनी पद्धति वर्षाच्या बेगमीची. दिवाळीनंतर नवा तांदूळ, माघाच्या सुमारास नवी तूर, होळीनंतर गहूं, आणि वैशाखांत उन्हाळी कांदा, असा क्रम असे. पीक निघतें तेव्हां भाव उतरतो, एवढें साधें अर्थशास्त्र त्यांत आहे. डाळीला एरंडेल चोळून, तांदळांत कडुनिंबाचा पाला घालून, कडक ऊन दाखवून कणग्या व डबे भरीत. कांदेनवमी उरकून चातुर्मासभर कांदा वर्ज्य करणाऱ्या घरांना भाद्रपद-आश्विनांतल्या कांद्याच्या तेजीची झळहि तितकी कमी लागे. धर्माज्ञा भावासाठीं घातली होती असें मी म्हणत नाहीं. पण तिचा असा एक लाभ पदरांत पडे खरा.

परंतु बेगमीला भांडवल लागतें. ज्याच्यापाशीं एकदम दोन पोतीं तांदूळ घेण्याइतके पैसे नाहींत, तो रोज वीस रुपयांचें तेल आणि पावशेर डाळ घेतो, पुष्कळदां उधारीवर, आणि वर्षाअखेर तेवढ्याच मालास आपल्यापेक्षां अधिक किंमत देऊन बसतो. गरिबी स्वतःच महाग आहे, ही गोष्ट सुस्थितींतल्या घरांनीं ध्यानीं ठेवण्याजोगी आहे. घरीं कामास येणाऱ्या बाईला दिवाळीस साडीऐवजीं, किंवा साडीबरोबर, हंगामांतली पायलीभर डाळ आगाऊ घेऊन दिली तर तिच्या संसारास ती अधिक दिवस पुरेल.

आतां पिशव्यांचा काळ आला आहे, आणि पिशवींत एक नवी चोरवाट आहे. किंमत तीच ठेवून वजन घटवावयाचें. दहा रुपयांस शंभर ग्रॅम येणारा जिन्नस दहा रुपयांसच ऐंशीं ग्रॅम येऊं लागला, तर मूल म्हणेल भाव वाढला नाहीं. त्रैराशिक मांडून पाहावें. शंभर ग्रॅमला आतां साडेबारा रुपये पडले. वाढ झाली शेंकडा २५. म्हणून पिशवीचा पुढचा भाग पाहण्याआधीं मागचें वजन पाहावें. एका ग्रॅमास वा किलोस काय पडतें हें वेष्टनावर छापण्याचा नियम आतां झाला आहे. चष्मा लावून तो आंकडा वाचावा. छापील किंमत ही कमाल किंमत असते, तीहून कमी घेण्यास दुकानदारास मनाई नाहीं. तसेंच १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या छापील वेष्टनांतील धान्य, डाळ व पीठ यांवर शेंकडा ५ कर बसला आहे. गोणींतून सुटें मोजून घेतलेल्या धान्यावर तो नाहीं. निवडण्याचे श्रम घरांत करतां येत असतील तर सुटें घेणें पुष्कळदां फायद्याचें ठरतें.

तिसरा उपाय बदलाचा. तूर महागली तर आमटी तुरीचीच हवी असा हट्ट कां? मुरबाड-शहापुरच्या मातींत भात निघाल्यावर उरल्या ओलीवर वाल होतो. वरकस जमिनींत नाचणी, वरी, उडीद व खुरासणी होते. वालाचें बिरडें, कुळथाचें पिठलें, मुगाचें वरण आणि आठवड्यांतून दोन वेळां तूर, अशी वांटणी केली तर जिभेलाहि पालट मिळतो. पावसाळ्याच्या तोंडीं शेवळें, पुढें टाकळा, कुरडू, भारंगी अशा रानभाज्या ठाकर-कातकरी स्त्रिया रस्त्याकडेला घेऊन बसतात. शहरांतून आलेले लोक त्या हौसेनें नेतात आणि स्थानिक सुशिक्षित घरें मात्र फ्लॉवरची वाट पाहतात, हें कांहींसें विपरीत आहे. उपवासाच्या दिवशींहि साबुदाणा-शेंगदाण्याऐवजीं घरची वरी व रताळें यांवर भागविलें तर पुण्यांत तूट येण्याचें कारण नाहीं.

काटकसर कोणाच्या ताटांतली?

येथवर सांगितलेले उपाय निर्दोष आहेत. आतां ज्या काटकसरीविषयीं घरांत कोणी बोलत नाहीं, तिच्याकडे वळूं.

खर्च कमी करावयाचा असें ठरलें म्हणजे तो प्रत्यक्षांत कोण कमी करतें? पुरुषांच्या ताटांतली वाटी भरलेली असते, मुलांचें दूध यथास्थित असतें, वडील मंडळींचें पथ्य सांभाळलें जातें. आणि सर्वांची जेवणें झाल्यावर पातेल्याच्या तळाशीं जें उरेल त्यांत ताक घालून घरची सून जेवते. आमटीचें पाणी वाढतें तें तिच्याच वाटींत. तिला कोणी उपाशी राहा असें सांगितलेलें नसतें. वाढण्याच्या क्रमानेंच तें घडतें. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांपैकीं निम्म्याहून अधिकांस रक्तक्षय आढळला. हा रोग केवळ दरिद्री घरांचा आहे अशी कोणी समजूत करून घेऊं नये. डाळ, पालेभाजी, दूध व फळ हीं महाग होतांच प्रथम जिच्या पानावरून उठतात, तिच्या रक्तांत तो हिशेब उतरतो. औषधाच्या रूपानें तो पैसा पुढें द्यावाच लागतो; म्हणून ही काटकसर नैतिक दृष्ट्या तर वाईटच, पण व्यवहारदृष्ट्याहि खोटी आहे.

दुसरी खोटी काटकसर रस्त्याकडेच्या टोपलीशीं होते. दुकानांत छापील किंमत निमूटपणें देणारे आपण, डोंगर उतरून आलेल्या बाईशीं भाजीच्या जुडीवरून पांच रुपयांसाठीं वाद घालतों. तिच्या जुडीवर कोणतीहि किंमत छापलेली नाहीं, हाच तिचा दोष. मालाची पारख अवश्य करावी. परंतु महागाईचा राग जिच्या घरीं महागाई आपल्याहून तीव्र आहे तिच्यावर काढूं नये.

राजाचें कर्तव्य

घरानें कितीहि शहाणपण केलें तरी बाजाराची शिस्त राजसत्तेनेंच राखावयाची असते. मनुस्मृतींत राजानें पांच दिवसांनीं वा पंधरवड्यानें भाव ठरवावे आणि दर सहा महिन्यांनीं वजनें-मापें तपासावीं असें सांगितलें आहे. कौटिल्यानें तर देशी मालावर शेंकडा पांच व परदेशी मालावर शेंकडा दहा अशी व्यापाऱ्याच्या नफ्याची मर्यादा घातली, आणि कोठारांतलें निम्में धान्य प्रजेवरील आपत्तीसाठीं राखून, नवें येतांच जुनें बदलीत जावें असें बजावलें. नफ्याची मर्यादा आजच्या व्यवहारांत तशीच लावतां येणार नाहीं. कोठाराचा उपदेश मात्र अजून ताजा आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें पात्र कुटुंबांस माणशीं दरमहा पांच किलो व अंत्योदय कुटुंबांस पस्तीस किलो धान्य मिळण्याचा हक्क दिला, आणि जानेवारी २०२३ पासून तें विनामूल्य झालें. आमच्या भागांतल्या किती तरी चुली त्यावर पेटत्या राहिल्या आहेत. तथापि या शिध्यांत तेल नाहीं, डाळहि नियमानें नाहीं. आणि भाव भडकतात ते नेमके याच जिनसांचे.

सरकारच्या उपायालाहि दोन बाजू असतात. २०२३ च्या डिसेंबरांत कांद्याची निर्यात बंद झाली, ती पुढील मे महिन्यापर्यंत. गिऱ्हाइकास कांदा स्वस्त मिळाला. नाशिक-जुन्नरच्या शेतकऱ्याचा भाव कोसळला. आपणांस स्वस्त हवें हें खरें, पण पिकविणाऱ्यास परवडलें नाहीं तर पुढच्या वर्षीं पेरणार कोण? भरल्या हंगामांत खरेदी करून सांठवावें व टंचाईंत काढावें, सांठवणीच्या सोयी शेताजवळ कराव्या, आणि घाटावरचा माल घाटाखालीं थेट विकण्यास गांवोगांव जागा द्यावी, हे मार्ग दोघांच्याहि हिताचे आहेत.

घरापुरतें करावयाचें तें थोडक्यांत असें. एक वही घालावी; तींत तारीख, जिन्नस, वजन, किंमत व किलोचा दर एवढे रकाने असावे. महिन्याच्या अखेरीस घरांतल्या सर्वांनीं, सुना व मोठ्या मुलांसह, ती वाचावी आणि मागील वर्षाच्या त्याच महिन्याशीं ताडून पाहावी. काट कोठें मारावयाची तें सर्वांदेखत ठरावें. प्रथम तयार खाऊच्या पिशव्या, मग तळण, मग समारंभांतलीं पक्वान्नें. डाळ, दूध व पालेभाजी यांस शेवटपर्यंत हात लावूं नये. आणि आठवड्यांतून निदान कांहीं दिवस वाढणारीनें सर्वांबरोबर पानावर बसावें. तेवढा वेळ वाढण्याचें काम पुरुषांनीं केल्यास आमटी किती उरते हें त्यांसहि प्रत्यक्ष कळेल.

ज्या घरांनीं अशी वही ठेवली आहे, किंवा शेजाऱ्यांशीं मिळून घाऊक खरेदीचा प्रयोग केला आहे, त्यांनीं आपला अनुभव आंकड्यांसह या मासिकाकडे अवश्य पाठवावा. एका घरची युक्ति दहा घरांच्या उपयोगीं पडेल.